पाणकणसातला बिटर्न कसा पाहावा: पुण्याच्या पक्षीनिरीक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

दर पावसाळ्यात माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. खाली प्रश्न एकच: ‘हा बिटर्नच ना?’ बिटर्न म्हणजे बगळ्याच्या कुळातला, पाणकणसात, म्हणजे पाण्यातल्या उंच दाट गवतात, लपून राहणारा पक्षी. बहुतेक फोटो ढोकरीचे, म्हणजे काठावरच्या मातकट छोट्या बगळ्याचे, असतात, काही रातबगळ्याच्या पिल्लांचे, आणि एखादा चक्क भारद्वाजाचा. काहीजण फोटो पाठवतच नाहीत. ते पाषाण तलावाला चार चकरा मारून येतात आणि ‘तिथं आता काही राहिलं नाही’ असं सांगतात. दोघांचीही चूक पक्षी ओळखायच्या आधीच झालेली असते. महिना चुकलेला असतो, जागा चुकलेली असते, आणि मुख्य म्हणजे पाय एका जागी टिकलेले नसतात. पुढचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा. मधला एखादा गाळून थेट कॅमेरा काढलात तर पुन्हा ढोकरीच मिळेल.

पुणे परिसरात आपल्याला तीन बिटर्नशी काम आहे: सिनॅमन (दालचिनी रंगाचा), येलो आणि ब्लॅक. मराठी पुस्तकांत त्यांना ‘तापस’ म्हटलेलं आढळतं. नाव सुरेख आहे, पण पाण्याकाठी सगळे बिटर्नच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो. इंटरनेटवर शोधलंत की बहुतेक वेळा युरोपातला, घुमणाऱ्या आवाजाचा मोठा बिटर्न समोर येतो. त्याची माहिती वाचून इथं शोधायला जाऊ नका. आपले सिनॅमन आणि येलो त्याच्या निम्म्या उंचीचे, जेमतेम ३८ सेंटिमीटरच्या आसपासचे आहेत. ब्लॅक मोठा, साधारण ५८ सेंटिमीटरचा.

## टप्पा १: महिना आणि वेळ आधी ठरवा

आपल्याकडे पक्षी पाहायला जायचं म्हणजे डिसेंबर-जानेवारी, भिगवणचे रोहित आणि थंडीतली बदकं, असं गणित पक्कं झालंय. बिटर्नसाठी ते उलटं करावं लागतं. जून ते सप्टेंबर हा त्यांचा विणीचा काळ. याच दिवसांत ते पाणकणसावरून सारखे इकडून तिकडे उडतात, नर एकमेकांचा पाठलाग करतात, आणि भातखाचरं भरलेली असल्यानं चारायला बाहेरही पडतात. जुलैचा मध्य ते सप्टेंबरअखेर हे दिवस धरा.

दिवसातली वेळ जातीनुसार बदलते. सिनॅमन आणि येलो सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी शेवटचा तास चांगले हलतात. ढगाळ दिवशी दुपारीही दिसतात. ब्लॅक मुख्यतः तिन्हीसांजेचा आणि रात्रीचा पक्षी आहे. ऑगस्टमध्ये पुण्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. म्हणजे सकाळी सहाला तुम्ही जागेवर बसलेले हवेत. सहाला घरातून निघणं म्हणजे सगळ्यात चांगला पाऊण तास सिग्नलवर घालवणं.

वाऱ्याकडे लक्ष द्या. जोराचा वारा असला की सगळं पाणकणीस हलतं आणि आपली नजर निकामी होते. रात्री पाऊस पडून गेलेली, सकाळी वारा पडलेली वेळ सर्वांत उत्तम.

थांबा: खडकवासल्यातून पाणी सोडल्याची आणि भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी असेल, त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस नदीकाठच्या जागा, विशेषतः कवडी पाट, पूर्ण टाळा. पाणी अचानक वाढतं आणि काठाची माती आतून पोखरलेली असते. अशा दिवशी तलाव किंवा भातखाचर निवडा.

## टप्पा २: जागा नकाशावर नाही, पाण्याजवळ निवडा

‘पाषाणला दिसतो’ एवढ्या माहितीवर निघालात तर तलावाच्या भिंतीवर फिरून परत याल. तुम्हाला तलाव निवडायचा नाहीये, त्या तलावातला वीस-तीस मीटरचा एक पट्टा निवडायचा आहे. हे काम आदल्या रविवारी, भर उजेडात, पक्षी दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून करा. मी या फेरीला दुर्बीण नेतो, पण पिशवीतच ठेवतो.

पट्ट्यात काय हवं ते सांगतो. पाणकणीस किंवा नळ (पाण्यातलंच बांबूसारखं उंच गवत) दाट हवा, आणि त्याच्या बुडाशी उभं पाणी हवं. कोरड्या चिखलात उभं असलेलं पाणकणीस बाहेरून तितकंच हिरवंगार दिसतं, पण बिटर्न मासे, बेडूक आणि पाण्यातले किडे खातो. पाणी नसेल तर तो तिथे कशाला येईल? मग कड बघा. सरळ, भिंतीसारखी कड उपयोगाची नाही. आत शिरलेली खाच, दोन झुडपांमधली उघड्या पाण्याची फट, जलपर्णीचा तरंगता पट्टा जिथे पाणकणसाला चिकटतो ती जागा, या तीन ठिकाणी तो कडेला येतो. दोन दाट पट्ट्यांच्या मधली तीन ते पाच मीटरची फट सापडली तर आणखी शोधू नका. एका बाजूकडून दुसरीकडे जाताना त्याला ती ओलांडावीच लागते.

नुसती जलपर्णी पसरलेली असेल तर ती ढोकरीची जागा आहे. आणि एक लक्षात ठेवा, पुण्यातल्या पाण्यावरची जलपर्णी कधीही यंत्रानं काढली जाते, त्याबरोबर कडेचं पाणकणीसही जातं. मागच्या वर्षीची जागा या वर्षी तशीच असेल असं धरू नका.

नदी-तलाव नको असतील तर मुळशी, मावळ, भोर, वेल्हे भागातली भातखाचरं बघा. लावणी होऊन रोप गुडघ्याएवढं झालं की सिनॅमन बिटर्न बांधाच्या कडेनं चारायला येतो. तिथला नियम साधा आहे: शेतात माणूस असेल तर आधी विचारायचं. ‘काका, बांधावरून नाही जात, रस्त्यावरूनच बघतो’ एवढं म्हटलं तरी बहुतेक जण हसून ‘बघा की’ म्हणतात आणि तांबडा बगळा कुठल्या खाचरात उतरतो तेही सांगतात. त्यांची नजर आपल्यापेक्षा जास्त वेळ त्या पाण्यावर असते.

तपासा: निवडलेल्या पट्ट्यासमोर ३० ते ४० मीटरवर बसायला जागा आहे का? सकाळी तिथे सूर्य तुमच्या पाठीशी येईल का? म्हणजे सकाळच्या फेरीसाठी पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. सूर्य समोर असेल तर तिन्ही बिटर्न काळेच दिसतील, आणि मग घरी येऊन ‘ब्लॅक बिटर्न पाहिला’ अशी नोंद होईल. ही चूक मी स्वतः पहिल्या दोन वर्षांत केली आहे, आणि त्या नोंदी नंतर एकेक करून खोडल्या आहेत.

## टप्पा ३: सामान, पण थोडं

दुर्बीण ८×४२ असावी. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम तीन. भर दुपारी फरक जाणवणार नाही. पावणेसातला, ब्लॅक बिटर्न निघायच्या वेळी, छोट्या दुर्बिणीत नुसता करडा चिखल दिसतो.

बाकी बसायला छोटं स्टूल किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा, मळकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट, डासांचं मलम, वही आणि पेन्सिल. पेन पावसात चालत नाही. छत्रीऐवजी रेनकोट, कारण छत्री उघडताना होणारी हालचाल सगळ्या काठाला कळते. चकाकणारा निळा-पिवळा रेनकोट मात्र नको.

थांबा: पाणकणसाच्या आत पाऊल टाकायचं नाही. गमबूट काठावरच्या चिखलासाठी आहेत, आत शिरण्यासाठी नाहीत. आत खोली कळत नाही, पावसाळ्यात कडेच्या गवतात घोणस आणि नाग असतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरटी तिथेच असतात. पाण्यापासून थोड्याच उंचीवर, वाकवलेल्या पात्यांचा पसरट मचाण. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

## टप्पा ४: बसा, आणि पहिली वीस मिनिटं काही शोधू नका

पुष्कळ जण इथेच घसरतात. पोचले, पाच मिनिटं दुर्बीण फिरवली, काही दिसलं नाही, पुढच्या वळणावर गेले. तिथेही पाच मिनिटं. तासाभरात तलाव पूर्ण झाला, आणि प्रत्येक वळणावर त्यांच्या येण्यानं गोठलेला पक्षी ते गेल्यावर पुन्हा हलू लागला.

बिटर्नचा सगळा बचाव न हलण्यावर आहे. धोका वाटला की तो मान ताणून चोच आभाळाकडे करतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा पाणकणसाच्या काड्यांशी जुळतात, आणि वारा असेल तर तो काड्यांबरोबर अंगही डोलवतो. डोळे मात्र चोचीच्या खालून तुमच्यावरच असतात. तुम्ही चालत राहिलात तर तो तसाच राहील. तुम्ही बसलात आणि बसूनच राहिलात, तर थोड्या वेळानं त्याला भूक आठवते.

म्हणून बसल्यावर वीस मिनिटं दुर्बीण मांडीवर. उघड्या डोळ्यांनी पूर्ण पट्टा बघत राहा. या वेळात बाकीचे पक्षी परत आपल्या कामाला लागतात: टिबुकल्या बुड्या मारतात, जांभळ्या पाणकोंबड्या कडेला येतात, वटवटे ओरडायला लागतात. लाजरी पाणकोंबडी उघड्यावर येऊन चालू लागली की समजा, काठानं तुम्हाला विसरायला सुरुवात केली आहे.

बोलणं तर नकोच, पण हात दाखवणंही नको. ‘तो बघ!’ म्हणून लांब केलेला हात मी जितक्या वेळा पक्षी घालवताना पाहिलाय तितका आवाजानं गेलेला पाहिला नाही. गटानं गेलात तर चारपेक्षा जास्त जण नकोत, आणि जागा सांगायची पद्धत आधी ठरवा: ‘बेशरमाच्या झुडपापासून डावीकडे दोन हात, पाण्यालगत’.

तपासा: वीस मिनिटांनंतरही पाणकोंबड्या आतच असतील तर तुम्ही फार जवळ किंवा फार उंचावर बसला आहात. दहा मीटर मागे या, खाली बसा, पुन्हा वीस मिनिटं.

## टप्पा ५: नजर फिरवायची पद्धत

आता दुर्बीण. ८ पटीच्या दुर्बिणीत ४० मीटरवर एका वेळी साधारण पाच मीटर रुंदीचा भाग दिसतो. तीस मीटरचा पट्टा म्हणजे सहा भाग. डावीकडून सुरू करा, प्रत्येक भागावर दुर्बीण स्थिर धरून वीस सेकंद थांबा, मग पुढचा भाग. सगळा पट्टा दोन मिनिटांत होतो. मग दुर्बीण खाली, पाच मिनिटं उघड्या डोळ्यांनी, मग पुन्हा पहिल्यापासून. दुर्बीण सरकवत सरकवत बघू नका. सरकत्या चित्रात स्थिर पक्षी कधीच दिसत नाही.

काय शोधायचं? ‘पक्षी’ शोधू नका. या गोष्टी शोधा:

पाय. बिटर्नची बोटं लांब असतात आणि तो दोन काड्या दोन पायांत धरून उभा राहतो. हिरवट-पिवळ्या रंगाची बोटं एका काडीभोवती आवळलेली दिसली, तर वरचा ‘सुका देठ’ नीट बघा.

टोक. पाणकणसाचं पान वर निमुळतं होत वाकतं. चोच सरळ राहते आणि अचानक संपते.

पाणी. वारा नसताना एखाद्या बुंध्याशी वर्तुळं उठत असतील तर तिथे बेडूक आहे किंवा त्याला खाणारा. वर्तुळापासून हातभर वरचा भाग बघा. शिकार करताना तो पाण्याच्या अगदी जवळ, पुढे झुकून असतो. छायाचित्रांतल्या ताठ मुद्रेत शोधलात तर खाली वाकलेला बिटर्न नजरेतून सुटेल.

हे सगळं करूनही दहापैकी सात-आठ वेळा माझं पहिलं दर्शन उडतानाच झालंय, फट ओलांडताना, दोन-तीन सेकंदांचं. म्हणूनच टप्पा २ मध्ये फटीवर इतका जोर दिला. कॅमेरा असेल तर फटीच्या एका काडीवर आधीच फोकस करून ठेवा.

थांबा: आवाज वाजवून बोलवायचा मोह होईल. विणीच्या काळात मोबाइलवरचा आवाज म्हणजे त्याच्यासाठी हद्दीत शिरलेला दुसरा नर. तो घरटं सोडून तुमच्याकडे येतो, आणि तेवढ्या वेळात अंडी पावसात उघडी पडतात. फ्लॅशचंही तसंच. हे दोन्ही करणाऱ्याबरोबर मी जात नाही.

## टप्पा ६: उडाला! आता दोन सेकंदांत काय बघायचं

क्रम पाठ करा: आधी पंख, मग मान आणि पाय, शेवटी पाठ. नवखे लोक उलट करतात. पाठीचा रंग बघत बसतात आणि पंख निसटतात.

पंख पांढरेशुभ्र चमकले तर ती ढोकरी. विषय संपला. बसलेली ढोकरी रेघारेघांची, मातकट आणि हुबेहूब बिटर्नसारखी असू शकते, पण उडाली की पांढरे पंख लपत नाहीत. विणीच्या दिवसांत तिची पाठ गडद तांबूस होते, तेव्हा तर फसगत ठरलेलीच. तरी पंख पांढरेच.

पूर्ण पंख एकसारखा दालचिनी-तांबूस, कुठेही काळं-पांढरं नाही: सिनॅमन. नर वरून एकरंगी, मादी जास्त तपकिरी, पाठीवर ठिपके आणि खाली ठळक रेघा.

पंखाचा पुढचा भाग पिवळसर-भुरा आणि मागची लांब पिसं काळी, मधली सीमा स्पष्ट: येलो. हा विरोध लांबूनही दिसतो.

वरून सगळा गडद, मानेच्या बाजूला पिवळसर पट्टा, आकार ढोकरीपेक्षा मोठा: ब्लॅक. पट्टा दिसला नसेल तर घाई करू नका. सांजेला पाणकावळेही काळे दिसतात, पण ते मान पुढे ताणून, भराभर पंख मारत सरळ रेषेत जातात. बिटर्न लांब जाताना बगळ्यासारखी मान आखडून घेतो. मात्र पाणकणसावरून छोटी उडी घेताना त्याची मान अर्धवट लांब आणि पाय लोंबते असू शकतात, तेव्हा एकट्या मानेवरून निकाल देऊ नका.

आता भारद्वाज. तांबूस पंख, जड उड्डाण, दाट झाडीत धपकन उतरणं. सिनॅमन पाहायला गेलेल्या माणसाला एवढं पुरतं. पण भारद्वाजाचं अंग काळं असतं, शेपटी लांब आणि रुंद असते, आणि मागे पाय दिसत नाहीत. बिटर्नची शेपटी आखूड, चोच भाल्यासारखी. पुढच्या वेळी तांबूस पंख दिसला की पहिली नजर शेपटीवर टाका.

रातबगळ्याचं पिल्लू तपकिरी असतं, पंखांवर मोठे पांढरट ठिपके, चोच जाड. हे बहुधा झाडावर, एकाहून जास्त, आणि ‘क्वॉक’ असा आवाज करत संध्याकाळी रांगेनं निघतात. बिटर्न एकटा, खालून, झाडाच्या उंचीवर न जाता.

तपासा: उतरला कुठे? उडणाऱ्या पक्ष्यापेक्षा उतरण्याची काडी लक्षात ठेवा. तो तिथे लगेच दिसणार नाही, पण बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत त्याच भागातून कडेला येतो. जागा सोडू नका, जवळ जाऊ नका.

## टप्पा ७: तो दिसतोय, आता तुम्ही काय करता

तो शांतपणे खात असेल तर तुमचं अंतर बरोबर आहे. तो मान ताणून ताठ झाला, चोच वर केली, तर आनंदानं फोटो काढत पुढे सरकू नका. ती मुद्रा भीतीची आहे. तुम्ही जिथे आहात तिथेच थांबा, नजर बाजूला वळवा, दोन-तीन मिनिटं हलू नका. तरी तो सैल झाला नाही तर मागे या. तोंडात भक्ष्य धरून तो पुनःपुन्हा एकाच ठिकाणी शिरत असेल तर आत पिल्लं आहेत. त्या दिवशीचं बघणं तिथेच थांबवा.

## टप्पा ८: नोंद जागेवरच

पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी वहीत लिहा: वेळ, पंखाचा रंग, अंतर, सूर्य कुठे होता, किती सेकंद दिसला. चित्र आधी पाहिलं की मन तेच चित्र पाहिल्याचं सांगायला लागतं. दोन खुणा पटल्या नाहीत तर ‘बिटर्न, जात अनिश्चित’ लिहा. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, यादी भरताना असा पर्याय असतो. रिकाम्या फेरीचीही यादी भरा, किती मिनिटं बसलात ते लिहून. घरट्याचा संशय असेल तर नेमकी जागा कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. तलावाचं नाव पुरे, आणि तेही विणीचा काळ उलटल्यावर.

तीन फेऱ्या कोऱ्या गेल्या तर जागा बदलू नका, वेळ बदला. सकाळी बसत असाल तर त्याच पट्ट्यासमोर, पण आता पश्चिमेच्या काठावर, संध्याकाळी सहा ते साडेसात बसा. चौथी फेरीही कोरी गेली, तर पाणकणसाच्या बुडाशी पाणी अजून उभं आहे का ते आधी बघा, आणि आटलं असेल तरच नवा पट्टा शोधायला टप्पा २ पासून सुरू करा.